वजन कमी करण्याची सुरुवात: आधी वही, मग स्वयंपाकघर, मग बूट

सोमवार ठरतो, नवे बूट येतात, व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी महिन्याच्या हिशेबाने स्वस्त पडते म्हणून एकरकमी भरली जाते, त्याच दिवशी भात बंद होतो, रात्री नुसती काकडी खाल्ली जाते आणि पहाटे पाचचा गजर लागतो. साधारण तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरतो, चिडचिड वाढते, घरात कोणाचा तरी वाढदिवस येतो आणि सगळे एकदम सुटते. अशा माणसाला आळशी ठरवून आपण मोकळे होतो, पण बहुतेक वेळा चूक क्रमाची असते. पाच बदल एकाच दिवशी सुरू केले की त्यांतला कोणता पेलतो आणि कोणता नाही हे समजण्याआधीच सगळ्यांचे ओझे एकदम अंगावर येते.

पुढील आराखडा बारा आठवड्यांचा असून तो घरचे जेवण जेवणाऱ्या, बैठे काम करणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी आहे. त्यात टप्पे उलटसुलट करू नयेत. एक टप्पा अंगवळणी पडल्याशिवाय पुढचा सुरू करू नये, मग बाराचे चौदा आठवडे झाले तरी चालतील.

सुरुवातीपूर्वी: आधी डॉक्टरांकडे कोणी जावे

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या व्यक्तीने जेवण कमी केले आणि औषध तेवढेच ठेवले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम फुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे आहेत. म्हणून अशा व्यक्तींनी औषधाविषयी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आहाराला हातच लावू नये. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, गुडघ्याचे किंवा मणक्याचे जुने दुखणे असलेल्यांनीही आधी सल्ला घ्यावा. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि अठरा वर्षांखालील मुले यांच्यासाठी हा आराखडा नाही.

थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी एक गोष्ट आजच तपासून पाहावी. ती गोळी सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा घ्यायचा नसतो. कित्येक घरांत ती चहाच्या घोटाबरोबर घेतली जाते, त्यामुळे ती पुरती शोषली जात नाही आणि मग वजन का हलत नाही याचे कोडे पडते.

इशारा: चालताना किंवा व्यायाम करताना छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, एकाएकी दम लागणे किंवा चक्कर यांपैकी काहीही जाणवल्यास तेथेच थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ‘गॅस असेल’ म्हणून घरी बसू नये.

टप्पा १ (पहिला आठवडा): काहीही न बदलता नोंद ठेवणे

या आठवड्यात काहीही कमी करायचे नाही आणि काहीही सुरू करायचे नाही. फक्त मोजायचे आणि लिहायचे आहे. लोकांना सर्वांत जड जाणारा टप्पा हाच आहे, कारण ठरवल्या दिवसापासून काहीतरी कठोर केल्याखेरीज सुरुवात झाल्यासारखे वाटत नाही.

१. वजन. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, हलक्या कपड्यांत, एकाच काट्यावर वजन करावे. काटा गालिच्यावर किंवा उंचसखल फरशीवर ठेवू नये. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीन आकडे लिहून त्यांची सरासरी काढावी आणि त्या सरासरीलाच त्या आठवड्याचे वजन मानावे. एकाच व्यक्तीचे वजन एका दिवसात किलो-दीड किलो वरखाली होते. आदल्या रात्रीचे खारट जेवण, पोट साफ न होणे, पाळीपूर्वी अंगात साठणारे पाणी ही त्याची कारणे असतात. एका दिवसाच्या आकड्यावर आनंद मानू नये आणि रुसूही नये.

२. कंबर. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता टेप लावावी. जिथे विजार बांधली जाते ती जागा पोट सुटलेल्या माणसात बरीच खाली सरकलेली असते, त्यामुळे तेथे मोजल्यास फसगत होते. भारतीय पुरुषांत ९० सेंमी. आणि स्त्रियांत ८० सेंमी. ओलांडणारी कंबर धोक्याची समजली जाते.

३. लक्ष्य. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता मानली जाते. उदाहरणार्थ, १६० सेंमी. उंची आणि ६८ किलो वजन असल्यास भागाकार साडेसव्वीसच्या आसपास येतो. या व्यक्तीने बारा आठवड्यांचे लक्ष्य ‘लग्नातले वजन’ असे ठेवू नये. सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे साडेतीन किलो, एवढेच ठेवावे. आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा निकोप वेग आहे. फार झपाट्याने वजन उतरवल्यास स्नायू झिजतात, केस गळतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो.

४. खाण्याची वही. जे तोंडात गेले ते वेळेसह लिहावे, रात्री आठवून लिहू नये. एका दिवसाचे पान साधारण असे दिसते: ‘७.१० चहा, दोन चमचे साखर, दोन टोस्ट. ९.३० तीन पोळ्या, बटाट्याची भाजी. ११.१५ चहा. १.३० डबा. ४.०० चहा, मूठभर फरसाण. ६.४५ स्टेशनबाहेर वडापाव. ९.३० जेवण, भात दोनदा. १०.१५ मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, एक पेढा.’ या पानात ज्याला आपण जेवण म्हणतो त्यापेक्षा जेवणाबाहेरच्या नोंदी जास्त आहेत. आपली वही उघडून पाहिली तर बहुतेकांना हेच दिसते.

तपासणी: आठवडा संपल्यावर चार आकडे काढावेत. दिवसाला साखरेचे चमचे किती, आठवड्याला तळलेले पदार्थ किती वेळा, रात्रीचे जेवण आणि झोप यांत अंतर किती, आणि ताटाबाहेरचे खाणे दिवसातून किती वेळा. पुढील सगळे टप्पे या चार आकड्यांवर चालतात. वही भरली जाते आहे म्हणून आठवडाभर शहाण्यासारखे खाल्ले असेल, तर तो आठवडा बाद समजून पुन्हा लिहावे.

टप्पा २ (दुसरा आणि तिसरा आठवडा): स्वयंपाकघर

ताटातले कमी करण्यापूर्वी कढईतले मोजावे, कारण तेथे कमी केलेले भुकेला कळत नाही. वही भरण्याचा आठवडा संपल्यावर आमच्या घरी आईच्या हाताला सवयीची असलेली फोडणीची पळी पाण्याने भरून मापली, तेव्हा तिच्यात चहाचे तीन चमचे, म्हणजे १५ मिली, मावत असल्याचे दिसले. चौघांच्या फ्लॉवरच्या भाजीला अशा दोन पळ्या तेल पडत होते, म्हणजे एका भाजीला ३० मिली आणि सुमारे अडीचशे कॅलरी. अर्धा किलो फ्लॉवरमध्ये मुळात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. भाजीच्या दुप्पट कॅलरी फोडणीत होत्या, आणि तरीही त्या भाजीला कोणी तेलकट म्हटले नव्हते.

१. तेलाची बाटली. माणशी दिवसाला २० मिली, म्हणजे चार चहाचे चमचे, असा हिशेब धरावा. चार माणसांच्या घराला दिवसाला ८० मिली आणि आठवड्याला ५६० मिली तेल लागते. रविवारी एका बाटलीत तेवढे तेल काढून ठेवावे आणि आठवडाभर फोडणी, पोळीचे तेल, थालीपीठ, सगळे त्यातूनच घ्यावे. बाटली गुरुवारी संपली तर पहिल्या आठवड्यात वाद न घालता तसे वहीत लिहावे. दुसऱ्या आठवड्यात ती शनिवारपर्यंत आपोआप पुरू लागते, कारण पळीची जागा चमच्याने घेतलेली असते. तूप, शेंगदाण्याचे कूट आणि ओले खोबरे या बाटलीत दिसत नाहीत, पण हिशेबात धरावे लागतात. कोशिंबिरीत सढळ हाताने घातलेले दोन मोठे चमचे कूट जवळजवळ शंभर कॅलरीचे होते.

२. चहा. दिवसाला चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम साखर आणि सुमारे दीडशे कॅलरी. साखर एकदम बंद केली की चौथ्या दिवशी ती परत येते. त्यापेक्षा दर चार दिवसांनी पाव चमचा कमी करावी. गूळ किंवा मध घालून चहा ‘आरोग्यदायी’ होत नाही, कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतात. खरी कपात चहाबरोबरच्या खारी, टोस्ट आणि बिस्किटांत आहे. ते पदार्थ कोरडे असतात म्हणून हलके वाटतात, पण मैदा आणि वनस्पती तूप यांचेच बनलेले असतात.

३. डब्यांच्या जागा. फरसाणाचा डबा ओट्यावरून माळ्यावर जावा आणि त्या जागी भाजलेले चणे, फुटाणे किंवा फळांची परडी यावी. हे पोरकट वाटते, पण संध्याकाळी दमून आलेल्या माणसाचा हात पहिल्या दिसणाऱ्या डब्याकडे जातो आणि ५० ग्रॅम फरसाणात अडीचशेहून अधिक कॅलरी असतात.

४. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशी बोलणे. वजन कमी करणाऱ्यासाठी वेगळी भाजी, वेगळे पातेले असा प्रकार पंधरा दिवसांत कंटाळवाणा होतो आणि त्याचा भार बहुतेक घरांत एकाच बाईवर पडतो. म्हणून बदल सगळ्यांच्या पातेल्यात करावा आणि प्रमाण ज्याने त्याने आपल्या ताटात सांभाळावे. जी सगळ्यांत शेवटी जेवते आणि ‘फुकट जायला नको’ म्हणून उरलेली भाजी, मुलांच्या ताटातले घास आणि सकाळची फोडणीची पोळी संपवते, तिचे वजन तिच्या भुकेमुळे वाढलेले नसते. तिच्यासाठी या टप्प्यातील मुख्य काम म्हणजे उरलेले झाकून फ्रीजमध्ये ठेवणे आणि पिठाचे माप कमी करणे.

इशारा: सकाळी उपाशीपोटी लिंबू-मध, जिऱ्याचे किंवा ओव्याचे पाणी प्यायल्याने चरबी वितळत नाही. कमरेला पट्टा बांधून किंवा पावसाळी कोट घालून घाम गाळल्यास फक्त पाणी जाते आणि दोन पेले प्यायले की ते परत येते. जाहिरातीतली ‘चरबी जाळणारी’ पावडर आणि गोळ्या घेऊ नयेत.

टप्पा ३ (चौथा आणि पाचवा आठवडा): ताटाची मांडणी आणि सहा वाजताची भूक

आपल्या पानात डावी आणि उजवी बाजू ठरलेली असते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचे आणि चिमूटभर कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, आणि मध्ये भात आणि पोळी. वजन कमी करण्यासाठी पान मोडण्याची गरज नाही, फक्त प्रमाण पालटायचे आहे. डावीकडची कोशिंबीर चमचाभर न वाढता वाटीभर वाढावी आणि उजवीकडच्या बटाट्याखेरीजच्या भाजीसह तिने अर्धे ताट व्यापावे. उरलेल्या अर्ध्यात एक भाग उसळ, घट्ट वरण, अंडी, मासे, चिकन किंवा पनीर यांचा आणि एक भाग पोळी, भाकरी किंवा भाताचा असावा.

जेवणाची सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने करावी, मग पोळी आणि शेवटी भात घ्यावा. भात पहिला आला की पोट भरल्याचे समजेपर्यंत दुसरी वाढ झालेली असते.

प्रथिनांचा हिशेब येथे थोडा सविस्तर करावा लागतो, कारण शाकाहारी घरांत कमतरता येथेच असते आणि त्याचाच परिणाम म्हणून दोन तासांत पुन्हा भूक लागते. दर किलो वजनामागे दिवसाला साधारण एक ग्रॅम प्रथिने धरावीत, म्हणजे ६५ किलोच्या व्यक्तीला ६० ते ६५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर मटकीच्या किंवा मुगाच्या घट्ट उसळीत ७ ते ८ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ ग्रॅम, २५ ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत १३ ग्रॅम, ३० ग्रॅम फुटाण्यांत ६ ग्रॅम आणि शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २५ ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. तीन पोळ्यांतूनही ९ ते १० ग्रॅम येतात. पातळ आमटीवर मात्र विसंबू नये. मूठभर डाळीत चौघांची आमटी केली की वाटीत येते ते मुख्यतः पाणी, चिंच आणि गूळ. आमटीऐवजी घट्ट वरण किंवा उसळ ठेवली, तर ताट तेच राहते आणि प्रथिने दुप्पट होतात.

पोळी की भाकरी, या प्रश्नावर घराघरांत अकारण वेळ जातो. ज्वारी आणि बाजरीत तंतू जास्त असल्याने भाकरीने पोट जास्त वेळ भरलेले राहते हे खरे आहे, पण ३० ग्रॅम पिठाची पोळी सुमारे शंभर कॅलरीची असते, तर हातावर थापलेल्या मोठ्या भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ लागते. म्हणजे एक भाकरी दोन पोळ्यांबरोबर झाली. पोळीऐवजी तितक्याच संख्येने भाकऱ्या खाणाऱ्याचे वजन वाढल्यास ज्वारीला दोष देऊ नये. भातही बंद करण्याची गरज नाही. शिजलेल्या भाताची एक मध्यम वाटी, सुमारे १५० ग्रॅम, दोनशेच्या आत कॅलरी देते. पातेल्यातून थेट डावाने वाढण्याऐवजी ती वाटी भरून ताटात पालथी घालावी, म्हणजे मापही राहते आणि मूदही पडते.

सहा वाजताची भूक हा या संपूर्ण आराखड्यातील सर्वांत नाजूक भाग आहे. दीड वाजता डबा खाल्लेला माणूस साडेसहाला स्टेशनबाहेर उभा असताना त्याच्यासमोर वड्याचा घाणा निघत असेल, तर तेथे निश्चयाची परीक्षा पाहण्यात अर्थ नाही. परीक्षा तासभर आधी द्यावी. साडेपाचच्या सुमारास कार्यालयातच वाटीभर उकडलेले चणे, दोन उकडलेली अंडी, मोड आलेले मूग किंवा एक फळ आणि मूठभर फुटाणे असे काहीतरी चावून खावे. ते सकाळी डब्याबरोबरच दुसऱ्या छोट्या डब्यात भरलेले असावे, कारण सकाळी न भरलेला डबा संध्याकाळी सापडत नाही. ज्यांना घरी पोहोचायला नऊ वाजतात त्यांनी हे संध्याकाळचे खाणे थोडे वाढवावे आणि रात्री एक पोळी, भाजी, ताक एवढ्यावर भागवावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी रात्रीचे जेवण झोपेपूर्वी दोन ते तीन तास आटोपावे.

उपासाविषयी एक स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच भाषेत आहे आणि ती खोटी नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. त्यात बटाटा, कूट आणि तूप आले की एका भरल्या बशीत चार-साडेचारशे कॅलरी होतात आणि तीन तासांनी पुन्हा भूक लागते. श्रद्धेने उपास करणाऱ्यांनी तो सोडू नये, पण त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, दही, खमंग काकडी, फळे आणि ताक यांवर भर द्यावा. वजन उतरवण्यासाठी म्हणून नवे उपास धरू नयेत.

तपासणी: पाचव्या आठवड्याच्या शेवटी वही उघडून पाहावे. सलग चार दिवस सहाच्या भुकेची सोय झालेली असेल आणि ताटातील अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा असेल, तरच पुढे जावे. या वेळेपर्यंत वजन किलो-दीड किलो उतरलेले असू शकते. पहिल्या दहा-बारा दिवसांतील घट मोठ्या प्रमाणात पाण्याची असते, म्हणून पुढे वेग मंदावल्यास तो बिघाड समजू नये.

टप्पा ४ (सहाव्या आठवड्यापासून): चालणे

व्यायाम इतक्या उशिरा का, असा प्रश्न येथे येतो. ६५ किलोची व्यक्ती अर्धा तास मध्यम गतीने चालली तर शंभर ते सव्वाशे कॅलरी खर्च होतात, आणि एका वडापावात साधारण तीनशे असतात. खाण्याची घडी बसण्यापूर्वी व्यायाम सुरू केला की भूक वाढते, ‘आज चाललो ना’ म्हणून एक जिलबी जास्त जाते आणि हिशेब उलटा पडतो. जे आधीपासून चालतात त्यांनी अर्थातच चालणे थांबवू नये, आणि जेवणानंतरची दहा मिनिटांची शतपावली प्रत्येकाने दुसऱ्या आठवड्यापासूनच घालावी.

१. सहाव्या आठवड्यात रोज १५ मिनिटे, सातव्यात २०, आठव्यात २५ आणि नवव्यात ३० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस चालावे. म्हणजे नवव्या आठवड्यात १५० मिनिटे पूर्ण होतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली किमान मर्यादा हीच आहे.

२. गती बोलण्यावरून ओळखावी. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. मैत्रिणीशी सविस्तर गप्पा चाललेल्या असतील तर गती कमी आहे, आणि शब्दाशब्दाला धाप लागत असेल तर जास्त.

३. पहिली आणि शेवटची पाच मिनिटे सावकाश चालावे. चपलेवर चालू नये. महाग बूट आवश्यक नाहीत, परंतु टाच घट्ट बसणारे आणि पुढे अंगठ्याला मोकळीक देणारे असावेत.

४. ऋतूची सोय आधीच करावी. जून ते सप्टेंबर पाऊस चालण्याचा बेत पाण्यात घालतो, म्हणून इमारतीचे पार्किंग, लांब व्हरांडा किंवा घरातल्या घरात जागेवर चालणे हा पर्याय पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावा. विदर्भ आणि मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत परत यावे.

इशारा: पोटरी किंवा मांडीचा स्नायू दोन दिवस दुखणे साधे आहे. सांध्यात टोचल्यासारखे दुखणे, गुडघ्याला सूज येणे किंवा जिना उतरताना कळ येणे साधे नाही. तसे झाल्यास मागच्या आठवड्याच्या मिनिटांवर यावे, आणि आठवड्यात न थांबल्यास दाखवून घ्यावे.

टप्पा ५ (आठव्या आठवड्यापासून): स्नायूंचा व्यायाम

हा टप्पा सर्वाधिक गाळला जातो, विशेषतः स्त्रियांकडून आणि पन्नाशीनंतर. नुसते कमी खाऊन आणि चालून वजन उतरले तर त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. मग हातपाय काटक होण्याऐवजी गळून गेल्यासारखे वाटतात आणि पुढे वजन परत येणे सोपे होते. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, वीस मिनिटे पुरेशी आहेत.

पहिला व्यायाम खुर्चीचा. हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, चाकांची किंवा प्लास्टिकची हलकी खुर्ची घेऊ नये. पुढच्या कडेकडे बसावे, पावले खांद्याइतकी रुंद आणि टाचा जमिनीला घट्ट ठेवाव्यात. दोन्ही हात छातीवर दुमडून किंचित पुढे झुकावे आणि श्वास सोडत उभे राहावे. बसताना धप्पकन न बसता मनात तीन मोजत खाली यावे. गुडघे आत वळत असतील तर ते पायाच्या बोटांच्या दिशेत ठेवावेत. आठ वेळा, मग एक मिनिट विश्रांती, मग पुन्हा आठ वेळा. हाताचा आधार घ्यावा लागत असेल तर घ्यावा, दोन आठवड्यांत तो सुटतो.

उरलेले चार थोडक्यात: भिंतीवर तळवे टेकवून दंडांसारखे पुढे-मागे होणे, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, आणि लिटरभर पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या हातांत घेऊन, थोडे पुढे वाकून, कोपर मागे ओढणे. प्रत्येकी आठ ते दहा वेळा, दोन फेऱ्या. बारा वेळा सहज होऊ लागले की वजन किंवा फेरी वाढवावी. श्वास कोंडून कोणतीही क्रिया करू नये, त्याने रक्तदाब चढतो.

सूर्यनमस्कार येत असतील तर तीनपासून सुरू करून आठवड्याला एक-दोनने वाढवावेत. शाळेत घालत होतो म्हणून पहिल्याच दिवशी बारा घालू नयेत. पाठदुखी, हर्निया, वाढलेला रक्तदाब किंवा मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला झालेला त्रास असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घालावेत.

टप्पा ६: काटा अडल्यावर

आठव्या ते दहाव्या आठवड्यात वजन थांबते, आणि नेमके याच वेळी लोक एक जेवण बंद करतात. सरासरी तीन आठवडे हललेली नसेल तरच ती अडली असे मानावे. त्यानंतर पुढील क्रमाने तपासावे. तेलाची बाटली अजून मापूनच भरली जाते का? शनिवार-रविवारच्या नोंदी वहीत आहेत की वही शुक्रवारीच थांबते? भाताची वाटी तीच आहे की मोठी झाली? झोप सहा तासांपेक्षा कमी होते का? आणि कंबर मोजली का, कारण स्नायूंचा व्यायाम सुरू झाल्यावर काटा स्थिर राहून कंबर दोन सेंमी. उतरलेली असू शकते. माझा अनुभव असा की बहुतेकदा उत्तर पहिल्या दोन प्रश्नांतच सापडते.

सणांचे आणि लग्नांचे दिवस अपवाद म्हणून आधीच कॅलेंडरवर खुणावे. गणपतीत मोदक खावेत, पण किती ते पानावर बसण्यापूर्वी ठरवावे. दिवाळीत खरे नुकसान पाडव्याच्या पंगतीने होत नाही. भाऊबीज होऊन आठवडा उलटला तरी डब्यात उरलेली चकली आणि शंकरपाळी येता-जाता तोंडात टाकली जाते, त्याने ते होते. तो डबा कार्यालयात नेऊन द्यावा किंवा वाटून टाकावा. आदल्या दिवशी जास्त खाल्ले म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नये. नेहमीचे जेवण नेहमीच्या वेळी घ्यावे आणि वहीत जे खाल्ले ते लिहावे.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी

पहिल्या आठवड्यासारखेच तीन दिवस वजन करून सरासरी काढावी, कंबर मोजावी आणि चार आकड्यांचा तोच हिशेब पुन्हा करावा. वही प्रामाणिक असूनही घट दीड-दोन किलोंच्या आत असेल, पाळी अनियमित असेल, झोपेत मोठ्याने घोरणे आणि दिवसभर पेंग येणे असा त्रास असेल, तर आहार आणखी कमी न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने थायरॉइड आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करावी. आहारतज्ज्ञाकडे जाताना ही वही बरोबर न्यावी, म्हणजे पहिली भेट ‘साधारण काय खाता?’ या प्रश्नात संपत नाही.

लक्ष्य गाठले असल्यास पुढची फेरी लगेच सुरू करू नये. चार आठवडे तेच वजन राखून पाहावे. या काळात चालणे आणि खुर्चीचा व्यायाम चालू ठेवावा, वजन आठवड्यातून एकदाच करावे, वही बंद केली तरी चालेल, पण तेलाची बाटली रविवारी मापूनच भरावी.